खाऱ्या पाण्यातला हात

घाबरू नकोस म्हणे! घाबरू नकोस! अहो, सांगणाऱ्याचं काय जातंय, निस्तरायचं मला! भूत परवडलं, तुम्हाला सांगतो, भूत निदान आपणहून येतं... मी तर माझ्या हातानं पाण्यातून काढलं!

ऐका. तुमच्या-आमच्या पेशीत एक यंत्र असतं, खराब झालेली प्रथिनं कुटून भुगा करणारं. मी लाइल ब्रेके, इथं मॅडिसनच्या प्रयोगशाळेत त्याचे फोटो काढतो. आमच्या प्रोफेसर, लॉर्नाबाई, त्यांचा सगळा जन्म एका हट्टात गेला: ह्या यंत्राला कचरा आत ओढणारा एक हात आहे! आणि विनिपेगचे प्रोफेसर हृंचुक, ते जन्मभर म्हणत आले, "हात यंत्राला नाही बाई, तुमच्या डोक्यात आहे!" ह्या दोघांच्या भांडणात भरडला कोण जातो? मी! माझी नोकरी जूनपर्यंत, पुढं बाईंनी सही केली तर.

बरं, फोटो म्हणजे तरी काय? थेंब गोठवायचा, मायक्रोस्कोपखाली धरायचा, आणि दिसतं काय? कप्पाळ! राख सांडल्यासारखे करडे ठिपके! म्हणून कॉम्प्युटरला एक चित्र दाखवायचं, बाबा रे, असं असं काहीतरी शोध. बाई म्हणाल्या, "लाइल, चित्रात हातसुद्धा काढ. असला तर सापडेल, नसला तर नाही." काढला! आणि तो कॉम्प्युटर इतका आज्ञाधारक, इतका आज्ञाधारक की... सापडला हो हात! बाईंनी मला मिठी मारली, शुक्रवारी तळलेला मासा खाऊ घातला, वर मोठ्या मनानं ते चित्र हृंचुकनाही पाठवून दिलं.

आणि बाई हा हात सगळ्यांना दाखवणार त्या परिषदेच्या दिवशी सकाळी मी गोठवलेले नमुने ठेवायची नायट्रोजनची टाकी उघडली. बघतो तर काय! खरा नमुना तिथंच, सीलसुद्धा न तोडलेला! मग मी फोटो कशाचे काढले? शेजारच्या डबीतले! त्या डबीत नुसतं खारं पाणी, तपासणीपुरतं ठेवलेलं. यंत्र नाही, हात नाही, काही म्हणजे काही नाही! तुम्हीच सांगा, माणसानं घाबरू नये तर काय करावं?

धावत गेलो. बाई व्यासपीठाच्या पायरीवर. "बाई, तो हात..." बाईंनी मधेच तोडलं. "अरे, घाबरतोस काय? बोलायचंय मला!" गेल्या वर! पडद्यावर हात, एवढा मोठा! टाळ्या! आणि मागच्या रांगेत हृंचुक उभे राहिले. झालं, म्हटलं, आता हा म्हातारा सोलणार आपल्याला! तर ते घसा खाकरतात, डोळे पुसतात आणि म्हणतात, "लॉर्ना, मला माफ कर. तुझं चित्र आमच्या कॉम्प्युटरला दाखवलं... आम्हालाही हात दिसला!"

अहो, दिसणारच! जो तो आधी हात दाखवतोय आणि मग हात शोधतोय! तुम्हीच सांगा, माणसानं घाबरू नये तर काय करावं?

शेवटी कॉफीच्या टेबलापाशी डोळे मिटून दोघांना सांगून टाकलं. बाई, ते नुसतं पाणी होतं! बाईंचा चेहरा पांढराफटक... मला इतकं वाईट वाटलं, म्हटलं, मारलंस तू हिला लाइल. तेवढ्यात हृंचुक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतात, "अरे वेड्या, नुसत्या पाण्यातसुद्धा दिसतो! म्हणजे हात किती ठळक असेल बघ!" आणि बाईंचा रंग परत आला हो!

पण मी गप्प बसेन तर शपथ! खरा नमुना काढला, फोटो घेतले, कॉम्प्युटरला हाताबिताचं काही एक दाखवलं नाही. यंत्र आलं, लख्ख! हात? नाही. ते चित्र बाईंच्या टेबलावर ठेवलं. बाईंनी चष्मा लावला, चष्मा काढला. चित्र उलटं धरून बघितलं. मला वाटलं, रडतात आता. मग एकदम मायेनं म्हणाल्या, "लाइल, नमुना खराब झालाय रे. टाकून दे तो. आणि हो, ते जूनचे कागद घेऊन ये, सही करते."

आता तुम्हीच सांगा, माणसानं घाबरू नये तर...

टाकला.