होडीच्या आठ गोळ्या

नको नको, तो पाट सरकवू नका, मी उभाच बरा! उभ्यानं बोललं तर काय माणसाचा घसा बसतो? बसायचं म्हटलं की मला अलीमियाँची होडी आठवते, होडी आठवली की गोळ्या आठवतात, आणि गोळ्या आठवल्या की डोकं असं सणकतं... अहो, पाय कुणाचा होता? माझा! ह्या येसाजीचा! हा, हा उजवा. जाळं झटकताना शिंगाळ्याचा काटा घुसला तळव्यात. शिंगाळा म्हणजे तो मिशीवाला मासा, मेला तरी खोड जात नाही त्याची. आमच्या सोनाबाईनं हळद चेपली, चुना चेपला, तंबाखू चेपली... तिला चेपायला काहीतरी हवंच असतं, चाळीस वर्षं मलाच चेपत आलीये. तिसऱ्या दिवशी पायाचा कोहळा झाला. म्हणते कशी, "अवो, तुमच्या पायाला वास मारतोय, मांजर सारखी मागं मागं फिरतीया." म्हणजे मांजरीला कळलं, पण हिला नाही!

तर अलीमियाँनं मला होडीत घातलं. होडी त्याची, जाळं ओढायला मी आणि अंबाजी, अशी आमची तिघांची वीस वर्षांची जोडी... तिघांची जोडी कशी म्हणू नका, मी शाळेत दोनच दिवस गेलोय. दिघीहून खाडीपार आगरदांडा, तिथून बैलगाडीनं मुरूड. डॉक्टरनं पाय बघितला आणि नाकाला रुमाल लावला. "आजोबा, आणखी दोन दिवस थांबला असतात तर पाय गुडघ्यापासून कापावा लागला असता. आत जंतू झालेत." म्हटलं, "कुठं? मला दिसना." "जंतू डोळ्यांना दिसत नाहीत." "मग तुमाला कसं दिसलं?" मग त्यानं एक बाटली काढली. आत गोळ्या... गोळ्या कसल्या, दागिने! अर्ध्या लाल, अर्ध्या पिवळ्या, आत पूड. गोरा साहेब जाऊन बारा वर्षं झाली, पण असली गोळी मी बापजन्मात बघितली नव्हती. डॉक्टर बोट नाचवून म्हणाला, "वीस आहेत. दिवसाला चार, पाच दिवस. बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. एकसुद्धा कमी झाली तर पायाची हमी माझ्याकडे मागू नका!"

आता मला सांगा, ह्यात न समजण्यासारखं काय होतं?

होडी दिघीला लागली. मी बाटली बंडीत घालून लंगडत निघालो, तर अंबाजी आडवा! "काका, वाटं?"

"कसलं वाटं?"

"होडीनं आणलंय त्याचं."

तुम्हाला आमची रीत ठाऊक नसेल. होडीनं जे किनाऱ्याला आणलं ते वाळूवर मांडायचं आणि तिथंच वाटे पाडायचे. होडीला दोन, माणसागणिक एक. कुणी लपवून घरी नेलं की होडी रुसते, मग महिनाभर जाळ्यात नुसतं शेवाळ. मी म्हटलं, "मेल्या, रीत मासळीला हाय! ह्ये औषद हाय!"

तर अंबाजी काय म्हणतो? "आन् माझा कोंबडा मासळी व्हता?"

झालं! अहो, गेल्या शिमग्याला त्याच्या सासूनं पलीकडून एक कोंबडा दिला होता. एकच! तो होडीतून आला. तेव्हा वाळूवर उभं राहून सगळ्या किनाऱ्यादेखत कोण ओरडलं होतं, 'रीत म्हंजी रीत, कोंबडा काय आन् कोळंबी काय'? मीच. तंगडी कुणी खाल्ली? मीच. चांगली होती, खोटं कशाला बोलू? पण म्हणून काय तंगडीला तंगडी?

अलीमियाँ बिचारा दाढी कुरवाळत म्हणाला, "येसाजीभाई, मला तुझी गोळी नको रे, अल्लाची कसम. पन होडीचा हक हाय. होडी रुसली तर तिघांच्या घरच्या चुली रुसतील." अलीमियाँ पाच वेळा नमाज पढणारा माणूस, त्याला खोटं बोलता येत नाही, हाच त्याच्यात मोठा दोष.

मांडल्या वाळूवर. वीस गोळ्या, पाच वाटे. होडीला आठ, अलीमियाँला चार, अंबाजीला चार, मला चार. आणि पाय कुणाचा? माझा!

घरी आलो तर सोनाबाई म्हणते, "आधी द्येवाला." तिनं एक देव्हाऱ्यात ठेवली. सकाळी बघतो तर गोळी नाही. म्हणते, "पावला!" पावला कुठला, उंदरानं नेली! तो उंदीर आता त्या मांजरीच्या समोरून चालत जातो, पळत नाही, चालत! राहिल्या तीन. त्या मी गिळल्या, पाय जरा उतरला. म्हटलं, चला, निभावलं.

आता बाकीच्यांनी काय केलं ऐका. अंबाजीनं चारही गोळ्या नव्या कोंबड्याला चारल्या, जुन्याची भरपाई म्हणून. तो कोंबडा एवढा माजला की दुपारच्यालाही आरवतो. अलीमियाँच्या बायकोनं, शहरबानूनं, त्यांच्या वाटणीच्या चार अत्तराच्या पेटीत घातल्या, "आजारी कोनी नाय, पन लेकीच्या लग्नात पाहुन्यांना दाखवायला व्हतील." आणि होडीच्या आठ? अलीमियाँ इमानदार! होडीच्या वाट्याला हात लावील? त्यानं पूड काढली, राळ आणि तेलात खलली, आणि होडीच्या तळाला जी भेग दोन वर्षं गळत होती तिच्यात भरली. आणि तुम्हाला सांगतो... होडी गळायची थांबली! मला बोलावून दाखवतोय, "बघ येसाजीभाई, कसा गुन आला!"

होडी बरी, कोंबडा बरा, उंदीर बरा. आणि पाय कुणाचा? माझा! पाचव्या दिवशी पुन्हा कोहळा. ह्या खेपेला देठासकट, मांडीपर्यंत!

पुन्हा खाडी, पुन्हा बैलगाडी, बरोबर तेच दोघं. डॉक्टर म्हणाला, "गोळ्या संपल्या?"

"संपल्या."

"सगळ्या तुम्ही खाल्ल्या?"

"तीन मी खाल्ल्या."

"आणि बाकीच्या?"

म्हटलं, "आठ होडीनं खाल्ल्या."

डॉक्टरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हळूच विचारलं, "होडीला काय होत होतं?"

"गळत व्हती."

मग जो भडकला! "अर्धवट औषध घेतलं की जंतू मरत नाहीत, माजतात! पाय गेला म्हणून समजा!" एका पायाचा माणूस होडीत काय करणार? होडीला वल्ही दोन लागतात, माणसाला पाय दोन लागतात. मी हात जोडले, आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, "काय बी करा, पन पाय ठिवा." म्हणाला, "आता गोळी नाही. पेनिसिलीनची इंजेक्शनं. बारा! रोज सकाळ-संध्याकाळ, इथंच ओटीवर पडून राहायचं, आणि टोचणार मी स्वतः!"

पहिली सुई स्टोव्हवर उकळत होती. ही एवढी, दाभणासारखी! आणि दंडात नाही हो... खाली. मी अंबाजीला आणि अलीमियाँला आत हाक मारली. म्हटलं, "या रं! रीत म्हंजी रीत. बारा हायेत. होडीला टोचता येत न्हाय, तिचं सोडा. तुमी दोघं धोतर-लुंगी सोडा आन् पालथं व्हा!"

अंबाजी म्हणाला, "काका, ही कुटं होडीतनं आणलीत? ही हितलीच हायेत." आणि रीतच सांगणारा तो अलीमियाँ, कधी खोटं न बोलणारा, दाराबाहेर सरकत म्हणतो, "येसाजीभाई, खरं बोलायचं तर अंबाजीचं बरोबर हाय."

पाय वाचला, हा बघा. पण बाराच्या बारा एकट्याच्या वाट्याला! पाय माझा, पाय माझा म्हणून ओरडत होतो तेव्हा एकानं ऐकलं नाही, आणि बूड तुझं म्हणताना सगळा किनारा एका तोंडानं कबूल!

...म्हणून म्हटलं, पाट नको. उभाच बरा.