वशिंडवाला राक्षस

चहा होईतो अण्णाच्या राक्षसाचं सांगतो. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, श्रावणात गेला तो.

गेल्या साली दुष्काळानं तळं आटलं आणि अणदूरच्या जत्रेत व्हिडिओ गेमचं मशीन आलं. त्यातल्या हिरव्या राक्षसापायी पोरं येडी झाली. अण्णानं तळ्यातल्या मातीचे तसेच राक्षस केले आणि मशीनच्या तंबूसमोरच विकायला मांडले. पण हात पोळ्याचे बैल करणारा. प्रत्येक राक्षसाच्या पाठीवर बैलासारखं वशिंड आलं.

मशीनवाला तणतणत आला. "राक्षस माझा हाय. कुणाला इचारून केला? समदे फोडून टाकतो."

मी त्याची गचांडी धरली. अण्णा म्हणाला, "सोड त्यास्नी. मालक, तुमच्या राक्षसाला वशिंड हाय का? बघून या."

तो खरंच तंबूत जाऊन बघून आला. "न्हाय," म्हणाला.

"मग ह्यो तुमचा कसा?"

मशीनवाल्यानं डोकं खाजवलं आणि एक राक्षस विकत घेऊन गेला.

यंदा राक्षस मी केले. वशिंड करायला माझा हात काही वळेना, म्हणून पाठी सपाट ठेवल्या. अगदी मशीनमधल्यासारखे झाले. मशीनवाला आला, एक उचलून उलटापालटा करून बघू लागला.

मी म्हणालो, "फोडायचे तर फोडा."

"फोडू कशाला? पण ही नक्कल हाय, बाबा. अस्सल तुझ्या अण्णाचा. त्यो मी मशीनवर ठेवलाय."

मी दुकान गुंडाळून घरी आलो आणि माती भिजत घातली.