मीनाक्षीबाई, कावळा आणि गेलेलं पान

(कुंभकोणम, १९९९. मेलकावेरीतलं शेषाद्रीचं ब्राउझिंग सेंटर. वेदवती त्याची थोरली बहीण, मीनाक्षीबाई त्यांची आई. घर तंजावरकडच्या जुन्या मराठी लोकांचं.)

वेदवती : पुन्हा बघ. दोन हजार साल लागल्यावर कम्प्यूटर बंद पडणार म्हणत होतास. अजून दिवाळीही आली नाही.

शेषाद्री : कम्प्यूटर धड आहे, अक्का. तुझ्या चित्रकथेचं पानच नाही. इंटरनेटवर फुकट जागा देणारी ती अमेरिकेतली कंपनी विकली गेली. नव्या मालकानं बंद पडलेली पानं पुसली. जगभरचे चित्रकथावाले बोंबलतायत.

वेदवती : माझें कुठे बंद पडलें?

शेषाद्री : पोंगलपासून नवं चित्र नाही ना.

वेदवती : पोंगलला आई गेली. नवें काय काढूं?

शेषाद्री : त्यांना काय माहीत. मेल आला होता, इंग्रजीत. मला जाहिरात वाटली.

वेदवती : तुज सगळेंच जाहिरात वाटतें. बरें, फ्लॉपीतून परत चढव.

शेषाद्री : फ्लॉपी एकच होती. एक चढलं की पुसून पुढचं घ्यायचो. तू मूळ कागद आण, सगळे स्कॅन करतो. अक्का? आण ना.

वेदवती : कावेरीत सोडले.

शेषाद्री : काय?

वेदवती : आडिपेरुक्कुला, नदीस पूर येतो त्या सणाला. जुनीं पंचांगें सोडलीं, त्यांच्यासंगे. दर कागदावर वरती 'श्री' लिहिलेलें. वाळवी लागत होती, रद्दीत कसे घालूं? आणि तूच म्हणालास, आता हें जगात गेलें, कुठे जात नाही.

शेषाद्री : म्हणालो होतो.

वेदवती : पाणी बक्कळ होतें. सोडतांना बरें वाटलें मज.

शेषाद्री : वाचणाऱ्यांना विचारलं मी. ह्यूस्टनच्या भुवनेश्वरीला, पुण्याच्या त्या बाईंना…

वेदवती : तुमची मराठी पणजीच्या पेटीतली, म्हणाल्या त्या?

शेषाद्री : त्याच. दर सोमवारी वाचून हसायच्या. ठेवून कुणीच घेतलं नाही. आहेच तिथे, असं वाटलं सगळ्यांना.

वेदवती : आपणांसही वाटलें.

शेषाद्री : पुन्हा काढ ना. आई आणि तिचा कावळा. हात बसलाय तुझा.

वेदवती : कावळा डोळे मिटून काढीन. आईचें लुगडें, नाकातली चमकीसुद्धा. पण ती बोलली तें? परसात भाताचा गोळा ठेवून त्याच्याशी भांडायची, मी मागे बसून उतरून घ्यायची. "उशीर कां रे? सासरीं जेवून आलास?" इतकें एक आठवतें.

शेषाद्री : मला ते आठवतं. "सांबार नको म्हणतोस, कलेक्टर लागून गेलास?" काय हसलो होतो!

वेदवती : तें माझें. त्या आठवड्यात आई तापाने निजलेली. मी रचलें.

शेषाद्री : मला आईचंच वाटलं.

वेदवती : तूं तिचा लेक. तुज कळलें नाही, तर कोणास कळेल?

शेषाद्री : तू बोलतेस की तसंच.

वेदवती : कोणाशी बोलूं? तुझीं मुलें तमिळमध्ये उत्तर देतात. कावळ्याशी बोलायची माझी हिंमत नाही रे.

शेषाद्री : अक्का… बाहेर गिऱ्हाईक थांबलंय. आडुतुरैहून आलंय, निकाल बघायला.

वेदवती : उठत्यें. तो पत्ता एकदा परत घाल.

शेषाद्री : तेच येईल. पान सापडत नाही.

वेदवती : येऊं दे. घाल.