एन्टर कुणी दाबलं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या पूर-अंदाज कार्यालयाचे मुख्य अभियंता साहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी हे सभागृह भरलं आहे त्या आपल्या मीटरताई, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान आणि लेक, आणि आजी-माजी सहकारी मित्रमैत्रिणींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. अध्यक्षांची परवानगी असेल तर थोडी जास्त घेईन.

ताईंनी एकतीस वर्षांच्या नोकरीत नदीच्या पाण्याची पातळी मोजणारी मीटरं सांभाळली, म्हणून त्या मीटरताई. त्यांच्या चिकाटीबद्दल मघापासून बरंच बोललं गेलंय. ते सगळं खरं आहे. पण अकरा वर्षांपूर्वीच्या एका दिवसाबद्दल कुणी बोललं नाही, कारण तो दिवस कार्यालयाच्या कागदांत चुकीचा लिहिला गेलाय.

तेव्हा मी नवा होतो. नोकरी कच्ची, परिवीक्षेचे तीन महिने बाकी. सकाळी सहाला वरच्या धरणावरून आकडा आला. पाणी संध्याकाळी सातच्या सुमारास खालच्या वस्तीशी पोचणार हे उघड होतं. पण ते बांधाच्या आत राहणार की बांधावरून जाणार? त्याचं लेखी उत्तर मिळाल्याशिवाय वस्ती हलवायच्या गाड्या निघत नव्हत्या. उत्तर काढणारं आमचं मोठं मशीन दोनच दिवसांपूर्वी, वीज गेल्यावर चालणाऱ्या बॅटरीसकट, जळालं होतं. उरला होता टेबलावरचा एक साधा कम्प्युटर. त्यावर हिशेब पुरा व्हायला लागणार होते बारा तास. म्हणजे संध्याकाळचे सहा. तासाभरात चारशे घरं रिकामी होतात का हो कधी?

तेव्हाचे आमचे साहेब बांधावर गेले होते, फोन लागत नव्हता. खोलीत मी आणि ताई.

ताई म्हणाल्या, "याचा वेग वाढवता येईल."

मी म्हटलं, "ताई, हा प्रोसेसर लॉक्ड आहे."

कुणाला कळलं नसेल तर दोन शब्दांत सांगतो. प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकाराने ठरतो. त्यातल्या एका आकड्याला कंपनीने कुलूप लावलेलं असतं. दुसरा, म्हणजे मूळ ठोका, वाढवता येतो. पण त्यासाठी कम्प्युटरच्या मुख्य बोर्डातला सुरुवातीचा प्रोग्रॅम पुसून तिथं वेगळा उतरवावा लागतो. तो उतरत असताना वीज गेली, तर बोर्ड कायमचा मेला. आणि त्या सकाळी दिवे दर दहा मिनिटांनी लुकलुकत होते.

ताईंच्या पर्समध्ये पेन ड्राइव्ह होता. घरी अगदी तसाच बोर्ड, म्हणून लेकीने प्रोग्रॅम शोधून दिलेला.

"घरी करून पाहिलंत?"

"नाही रे. धीर झाला नाही."

हसलात, बरं वाटलं. मला मात्र तेव्हा हसू आलं नाही. सरकारी मशीनचं सील तोडलं तर नोकरी जाते हे मला ठाऊक होतं. आणि मशीनच मेलं तर? मग संध्याकाळी सहालाही उत्तर नाही.

भिंतीतलं सॉकेट ढिलं होतं. ताईंनी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी पिन दाबून धरली आणि म्हणाल्या, "दाब एन्टर."

"ताई, मला नाही जमणार."

"मग इकडे ये, पिन धर. मी दाबते."

मला त्याचीही भीती वाटत होती, मित्रहो. खोटं कशाला बोलू? बोट कीबोर्डवर ठेवलं तेव्हा ते माझं आहे असं वाटत नव्हतं. डोळे मिटले आणि दाबलं.

पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली. मध्ये दिवा लुकलुकला. ताई नुसत्या "अगं आई" म्हणाल्या, पण हात हलू दिला नाही. पट्टी भरली, मशीन बंद होऊन चालू झालं, आणि पडदा काळा. एक मिनिट. दोन मिनिटं. मी खुर्चीत बसलो आणि मला खरोखर खालच्या वस्तीतली घरं दिसू लागली. ती मीच बुडवली, असं वाटलं.

ताईंनी कान मशीनला लावला. "पंखा फिरतोय. जिवंत आहे. हा प्रोग्रॅम चढवला की प्रोसेसरमधलं चित्र बंद पडतं, असं लेक म्हणाली होती." भांडारातून जुनं ग्राफिक्स कार्ड आणून त्यांनी बसवलं, आणि पडदा उजळला.

ठोका शंभराचा एकशेतीस केला, मशीन गोठलं. एकशेपंचवीस केला, चाललं. पावणेसातला हिशेब सुरू झाला. पण भीती संपली कुठे? त्या प्रोग्रॅममुळे तापमानाचे आकडेही खोटे दिसू लागले होते, सगळे शंभरावर अडकलेले. प्रोसेसर जळत असता तरी कळलं नसतं. म्हणून ताई उघड्या मशीनशेजारी स्टूल टाकून बसल्या आणि दर काही मिनिटांनी प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या तांब्याच्या नळीला बोट लावत राहिल्या. "चहाच्या कपाइतकं गरम आहे, चालू दे." साडेनऊ तास. तिसऱ्या प्रहरी त्यांच्या बोटाला फोड आला, तेव्हा त्यांनी हात बदलला.

चार वाजून वीस मिनिटांनी उत्तर आलं. पाणी बांधावरून तीन फूट जाणार. पाचच्या आत गाड्या निघाल्या. सातला पाणी घरांत शिरलं, तेव्हा घरांत माणूस नव्हता.

इथं थांबलो असतो तर हे छान सत्काराचं भाषण झालं असतं.

तीन आठवड्यांनी तो बोर्ड मेला आणि चौकशी लागली. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "प्रोग्रॅम कुणी बदलला?" ताई म्हणाल्या, "मी." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही कुठे होता?" मी म्हणालो, "मी नोंदी लिहीत होतो."

ताई, मान हलवू नका. आज मी ऐकणार नाही.

मला अचूक अंदाजाबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं, नोकरी पक्की झाली. ताईंच्या सेवापुस्तकात शेरा बसला, बढती अडली आणि त्यांना मीटरांपासून काढून चार वर्षं भांडारात बसवलं. एकदा धीर करून तिथं गेलो आणि विचारलं, "असं का केलंत?" त्या खोके मोजत होत्या. म्हणाल्या, "तुझी नोकरी कच्ची होती, माझी पक्की. आणि दाबलंस ना शेवटी? झालं तर मग. जा, कामाला लाग." मी गेलो. कामाला लागलो. उपअभियंता झालो. त्या एका एन्टरला जितका घाबरलो नव्हतो, तितका पुढची अकरा वर्षं घाबरलो, आणि आज सकाळी हा सदरा घालताना सर्वांत जास्त.

अध्यक्षमहोदय, या पाकिटात माझा लेखी जबाब आहे. सही आणि तारीख आहे. ताईंच्या सेवापुस्तकातला तो शेरा काढावा आणि जिथं माझं नाव हवं तिथं ते लिहावं, एवढी विनंती. त्याचं पुढे माझ्या बाबतीत काय करायचं, ते आपण ठरवावं.

ताईंना, त्यांच्या यजमानांना आणि प्रोग्रॅम शोधून देणाऱ्या त्या लेकीला माझा नमस्कार. आयोजकांनी मला बोलायला उभं केलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, मी आपला ऋणी आहे. वेळ जास्त घेतला, बोलताना कुठे अडखळलो, मोठ्यांचा मान राखताना काही उणं राहिलं, तर ते पोटात घाला. चौकशीत खोटं बोललो ती चूक मात्र पोटात घालू नका. ती फाइलला लावा.