आन् मह्या तोंडात नळी!

...न्हाई, तुमीच सांगा, एका माणसाला निमोनिया हाय का न्हाई, एवढंबी तीन डाक्टरांत ठरू नये? तेबी मह्या उशाशी उभं राहून! तुमाला सांगतो, मागल्या साली मला मण्यार चावली, कुरुंद्याहून जीपीत घालून नांदेडच्या दवाखान्यात नेलं, श्वासाची मशीन लावली. इषानं हात हालंना, पापणी उघडंना, लोकांना वाटे शेषराव बेसुद हाय. पर कान? कान बराबर चालू! समदं आयकू येऊन राहिलं... आन् मह्या तोंडात नळी!

मोठे डाक्टर आले, एक्स-रेचा फोटो खडखडला. "हा पांढरा डाग बघा. निमोनिया! नळी काढायची नाही, भारी इंजेक्शनं चालू करा." ते गेले की बाई डाक्टर, "छे! ताप कुठाय? नुसत्या डागावर कसा म्हणायचा निमोनिया? उगीच इंजेक्शनं देऊन किडनी जायची. उद्या नळी काढू." मला काय हुरूप आला म्हनता! तवर तिसरा, "कफात जंतू निघालेत." बाई म्हनती, "नळीत कोणाच्याही निघतात!" अहो, हळदीचं पोतं हिंगोलीच्या मोंढ्यात न्या, भाव तीन लागतील, पर ही हळद हाय ह्यावर तं तिघं यापारी एक व्हतेत ना? हितं जीव टांगणीला, आन् मह्या तोंडात नळी!

वाटलं, थोरला भाऊ भागवत तरी भांडंल मह्यासाठी. कसलं काय! "व्हय साहेब, निमोनियाच." "व्हय बाई, निमोनिया न्हाईच." जो समोर, त्याचा भागवत!

पर खरा दगा दिला मोठ्या डाक्टरनं. इस्वास ठिवला व्हता हो म्या त्याच्यावर! दुसऱ्या दिशी फोटो खडखडला, "वा, साफ! गेला निमोनिया!" बाई हळूच म्हनल्या, "सर, हा कालचाच फोटो आहे." "असं? मग... आहे थोडा." मला रडूच फुटलं, मिटल्या डोळ्यांतून पाणी. तं भागवत म्हनतो, "साहेब, डोळ्यालाबी निमोनिया झाला का काय?"

वाचलो एकदाचा. आता भागवत गावच्या हाटेलात बसून सांगून राहिला, "शेषरावला डबल निमोनिया व्हता." म्या म्हनलं, "आरं दादा, काय व्हतं ते त्या तिघांनाच शेवटपत्तुर ठरवता आलं न्हाई, म्या मह्या कानानं आयकलं!" तं चारचौघांत महा सख्खा भाऊ म्हनतो, "तुला काय ठाऊक? तू तं बेसुद व्हतास!"

आन् समदे माना हालवून राहिले. आता तोंडात नळी न्हाई... तरी मी गप.