पाणी न पिणारं इंजिन

"ओ व्याहीबुवा, तुम्ही मला इंजिन शिकवू नका," असं बोललो नि फोन आपटला. तिथंच चुकलं. म्हंजे माझं न्हाय, त्यांचं. चाळीस वरसं चौक गावच्या बंदरावर होड्या बांधतोय मी, आन् मला हे सांगणार? इंजिन म्हंजे इंजिन.

तुम्हाला सांगतो, हे शशिकांतराव म्हंजे आमच्या संचिताचे सासरे. मिरारोडला सातव्या मजल्यावर ऱ्हातात, जलमभर हापिसात, पाण्याशी संबंध नळाचा. रिटायर झाले नि रिमोटवर पळणाऱ्या शर्यतीच्या होडीचा नाद लागला. फायबरची, इकत आणलेली. नातीच्या बारशाला पंगतीत बोलतात, "बाबाजीराव, लाकडाची होडी आता शोकेसमध्येच बरी." मी घास तसाच ठेवला. बोललो, रविवारच्या शर्यतीला बघू. नि केली होडी, सागाची, दीड हात, वरून हात फिरवा, नख अडकणार न्हाय.

ऱ्हायलं इंजिन. ह्या खेळण्यातल्या होडीचं इंजिन मुठीत मावतं, नि त्याचं तेलपण वेगळं, नायट्रो म्हणतात त्याला. व्याह्यांनी सांगितलं ते फोनवर हेच, "बोटीचंच घ्या, छोटं घ्या, नळीतल्या पाण्यानं थंड होणारं. गाडीचं नको." आता मुद्दाम सांगितलं म्हंजे काय, मी मुद्दाम ऐकायचं?

भाईंदरला दुकानात शेठ इचारतो, "काका, गाडी के लिए या बोट के लिए?" मी बोललो, "इंजन मतलब इंजन. सबसे बडा दिखाव." त्यानं गाडीचं काढलं, डोक्यावर पातीच पाती, वाऱ्यावर थंड होणारं. बाजूला बोटीचं होतं, बारकं, दोन नळ्या लावलेलं. शेठ हळूच बोलतो, "काका, बोट में तो ये वाला..." "तुमने बोट बनाया है कभी?" बिचाऱ्यानं गाडीचंच बांधून दिलं.

मग काल सकाळी रिक्षा करून घोडबंदरच्या खाडीवर गेलो. आपल्या बंदरावर नको, माणसं बघतात. काय पळाली हो... एक फेरी, दुसरी फेरी, नि मधेच गप. वरून झाकण घट्ट लावलेलं, वारा लागणार कुठून? त्यात ओहोटी. होडी निघाली समुद्राला नि मी कमरेएवढ्या चिखलात तिच्या मागं. पुढं हंसाबाई म्हणून एक बाई चिंबोऱ्या, म्हंजे खेकडे, धरत होती, तिनं पाटीनं होडी अडवली, हात लावला नि मागं घेतला. "काका, चटका बसला. मशिनला पाणी न्हाय दिलं काय?"

हे माझं बोलणं हाय हो. चाळीस वरसं नाखव्यांच्या अंगावर हेच ओरडतोय मी, आधी पाण्याची नळी बघा, मग मशीन चालू करा. व्याह्यांनी तेच सांगितलं. पण ते व्याही ना... मग ऐकू कसं येणार?

आता इंजिन जाम, होडीला ओरखडा न्हाय, नि शर्यत परवा. दुकानात नळीची तीन हायत, बारा नंबर, पंधरा, अठरा. सागाच्या वजनाला कुठलं पेलेल ते व्याह्यांनाच ठाऊक. संचिता बोलते, "बाबा, फोन तुम्ही आपटला, तुम्हीच लावा."

मी न्हाय लावणार. हा घ्या व्याह्यांचा नंबर. तुमच्यातल्या एकानं लावा, कुठलं इंजिन ते नीट लिहून घ्या, नि कुणासाठी इचारलं तर सांगा, एका येड्या मित्रासाठी. काढा मोबाईल. मी हितंच उभा हाय.