सरूबाईची दुरडी

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. सेवा करणं अवघड, की सेवा करून घेणं?

हं — हसले पुढचे! "महाराज, आयतं मिळतंय तर घ्यायला कसली अडचण?" बरं! मग जरा मागे बघा. खांबाशी पळी घेऊन उभे आहेत ते आपले निवृत्तीअण्णा. सप्ताह सुरू झाल्यापासून गावाला वाढताहेत. पंगतीत बसा म्हटलं, की म्हणतात, "माझं होईल नंतर." अण्णा, राहा उभे. तुमच्याकडे येतोच मी!

तर अशीच एक सरूबाई होती, नदीकाठच्या एका लहानशा गावात. घरातलं माणूस गेलं की त्या दिवशी चूल पेटत नाही, ठाऊक आहे ना? शेजाऱ्यांनी भाकरी न्यायची, बळेबळे चार घास खायला लावायचे. कडू घास म्हणतात त्याला. कुणाच्याही दारात तिरडी बांधायला घेतली, की इकडे सरूबाईचा तवा तापलाच! मग तो तिच्याशी भांडलेला का असेना! दुरडीत भाकऱ्या, वर पिठल्याचं पातेलं, आणि निघाली.

मोठी बाई! पण — हा 'पण' फार वाईट मंडळी! दिवस झाले की लोक दुरडी परत करायला यायचे. आता रिकामं भांडं परत देतं का कुणी? मूठभर शेंगा घालायचे, दोन कांदे घालायचे. सरूबाई तिथल्या तिथे दुरडी उपडी करायची! "म्या घ्यायला केलं व्हय? माझी दुरडी मला रिकामीच द्या." लोक म्हणायचे, काय निःस्वार्थी बाई! तिलाही ऐकून बरं वाटायचं. कुणाला नाही वाटत? मलाही वाटतं!

आणि एक दिवस तिचाच नवरा गेला. सकाळी रानात गेलेला गणपा चौघांच्या खांद्यावरून घरी आला.

लोक नदीवरून परतले. घरात म्हातारी सासू, पोटात अन्नाचा कण नाही. मुलगा गेलेली आई हो ती! कोपऱ्यात थरथरतेय. आणि ओट्याखाली गावातल्या बाया उभ्या, पदराखाली भाकरी झाकून. पण आत कुणी जाईना! जिनं उभ्या जन्मात चार शेंगा घेतल्या नाहीत, ती आपली भाकरी घेईल?

सरूबाई उठली. कुठं गेली असेल? चुलीपाशी! काटक्या मोडायला लागली! "आत्याबाई उपाशी हाइत. थापते दोन भाकरी. कुणाला तरास नको."

अहो, नवऱ्याची चिता अजून विझली नव्हती!

तेवढ्यात आपली दुरडी घेऊन हौसा आत शिरली. हिचं लेकरू मागे तापानं गेलं होतं. तिनं सरूबाईच्या हातातली काडेपेटी काढून घेतली.

"सरू, माझं पोर गेलं तवा मला जगायचं नव्हतं. तू माझं डोकं मांडीवर घेऊन घास घातलास. त्या घासावर म्या उभी हाय. मला त्याचं कायतरी करू दे की गं!"

"पर म्या कुणाकडनं —"

"ठावं हाय. तू कुणाकडनं घेत न्हाईस. म्हंजी आमी नुसतं खायाचं? आमाला हात न्हाईत व्हय?"

मंडळी, सरूबाईनं काटक्या बाजूला सारल्या. सकाळपासून रडली नव्हती, ती आता रडली. हौसानं आधी म्हातारीला भरवलं, मग हिला. बाहेरच्या बाया एकेक करून आत आल्या. पिठलं खारट झालं होतं हो! घाईत दोनदा मीठ पडलेलं. पण सरूबाई पुढे सांगायची, तसं पिठलं पुन्हा कधी खाल्लं नाही.

दिवस झाल्यावर ती हौसाची दुरडी परत करायला गेली. आत गुळाचा खडा होता. आणि पुढे गावात कुणी गेलं, की हौसाच्या दारात सरूबाईची हाक यायची, "चल गं, भाकरी तू थाप, पिठलं म्या करते."

अहो, देवाला काय कमी आहे? तरी तुमचा नैवेद्य घेतो ना? आणि मी! गावोगाव फिरतो, कुणीतरी जेवू घालतं, कुणीतरी अंथरूण टाकतं. त्यांच्या अन्नावर हा गळा चालतो. फार उपकार आहेत मंडळी, फार उपकार! म्हणून उद्या शेजारीण वाटी घेऊन आली, तर "कशाला, आमच्याकडे आहे" म्हणू नका. दोन्ही हातांनी घ्या!

आता अण्णा! पळी खाली ठेवा. अहो, ठेवा! आज पहिल्या पंगतीत पहिलं पान तुमचं. आणि वाढणार कोण? ज्यांनी ज्यांनी तुमच्या हातचं खाल्लं, ते सगळे — मीसुद्धा! आणा ती पळी इकडे. या अण्णा, बसा.